कीबोर्डला सुटलेला घाम

१२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितो आहे. कागद मध्येच तोंड घालत नाही.

माझा कीबोर्ड चाळीस वर्षांचा आहे आणि या उन्हाळ्यात तो भयंकर तापतो. थिएटरात मी रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतो, तिथे वाऱ्याची झुळूकही येत नाही. पहिल्या अंकात ठीक चालतं, दुसऱ्यात सूर सरकायला लागतात, तिसऱ्यात नायिका मरायला टेकते तोवर हा आधीच मेलेला असतो. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा झालं तर नोकरी संपली समजा, असं मालकांनी सांगितलं. सव्वीस वर्षं वाजवतोय मी त्यांच्याकडे! ज्यांना सूर आणि शिंक यांतला फरक कळत नाही, ते मला दार दाखवणार.

नवा घे म्हणू नकोस. नवे कीबोर्ड बिस्किटाच्या डब्यासारखे वाजतात. तू दिवसभर बटाटे गार करत असतेस, तेव्हा गार करण्यातलं काहीतरी कळत असेलच. तेवढं कळव. संगीतातलं शिकवू नकोस.

तुझा, आणि त्याहून जास्त स्वतःचा,
दादा

१६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मदत मागतानाही समोरच्याचा अपमान करायची तुझी हातोटी वयाबरोबर वाढतेच आहे. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाट्यांबरोबर सफरचंदंही असतात आणि तिथली सगळी यंत्रं माझ्या हाताखाली चालतात, एवढी नोंद घे.

कीबोर्डखाली ती जाड लाल मखमल तू अजून अंथरतोस, असं वहिनीकडून कळलं. अशा यंत्राची हवेची भोकं खालीच असतात आणि तू त्यांच्या तोंडावर गादी दाबून बसला आहेस. मखमल काढ. चारही कोपऱ्यांखाली दोन बोटं उंचीचे लाकडी ठोकळे ठेव. मागे छोटा पंखा असा लाव की तो आतली गरम हवा बाहेर ओढेल. भोकांतली धूळ मऊ ब्रशने झाड. मध्यंतरात कीबोर्ड बंद कर. तू चहा पीत असताना त्याने कशासाठी जळायचं? आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळाली की झालं. त्यासाठी कलावंत असावं लागत नाही.

राग आला तर येऊ दे, पण मखमल काढ.

तुझी,
धाकटी

२२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ठोकळे! सव्वीस वर्षांच्या साधनेला तुझ्याकडून मिळाले काय, तर लाकडाचे ठोकळे. मखमल काढली की कीबोर्ड हातगाडीवर विकायला ठेवल्यासारखा दिसेल, आणि पंख्याची घरघर तिसऱ्या रांगेपर्यंत जाईल. अकलेचे तारे तोडावेत ते मेकॅनिकनेच.

शेवटी मलाच युक्ती सुचली. थिएटरच्या शेजारी फुलवाला आहे, त्याच्याकडे फुलं ठेवायची थंड खोली आहे. रविवारी दुपारच्या खेळाआधी कीबोर्ड सकाळपासून तिथे ठेवणार आणि पडदा वर जायच्या पाच मिनिटं आधी आणून लावणार. मुळातच इतका गार असेल की तीन अंकांत तापायची त्याची टाप नाही. जन्म गारव्यात काढून तुला हे सुचू नये, याचं नवल वाटलं नाही. फुलवाल्याला मात्र कल्पना फार आवडली.

आशीर्वाद आहेतच, पुरवून वापर.
दादा

२५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून आमच्या ट्रकड्रायव्हरच्या हाती देते आहे. फुलवाल्याचं फुलांपुरतंच ऐक.

थंड खोलीतून बाहेर काढलेल्या प्रत्येक क्रेटला घाम सुटतो. मी हे रोज बघते. तुझ्या कीबोर्डलाही सुटेल, आणि नुसता वरून नाही, आतल्या सर्किटवरसुद्धा पाणी धरेल. तशात वीज दिलीस की कारभार आटोपला. बटाट्याचं काही बिघडत नाही, कारण त्याला कोणी प्लग लावत नाही. ठेवलाच असशील तर बाहेर काढल्यावर निदान सहा तास तसाच राहू दे. तोवर बटणाला हात लावू नकोस. पालथ्या घड्यावर पाणी ओतते आहे हे ठाऊक आहे, तरी ओतते.

घाईत,
धाकटी

४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ड्रायव्हरने पत्र शनिवारीच दिलं होतं. आत पुन्हा ठोकळेच असणार, म्हणून मी ते न उघडता खिशात टाकलं. आज उघडलं.

रविवारी कीबोर्ड खड्ड्यात आणला तेव्हा पट्ट्यांवर बारीक पाणी होतं. रुमालाने पुसलं आणि बटण दाबलं. आत फट्‌कन आवाज झाला, जळका वास आला आणि संपलं. एक सूर वाजला नाही. तीन अंक मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो. कोणीतरी नवा वादक ठेवला असेल, त्याच्या नावाने खडे फोडायच्या तयारीनेच गेलो होतो. मालक म्हणाले, दुसरा कोणी ठेवायची गरजच नाही. रविवारी संगीत का नव्हतं, असं तिकीटखिडकीवर एकानेही विचारलं नाही. नायिका म्हणाली म्हणे, की इतक्या वर्षांत तिची वाक्यं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू गेली. आता नाटक तसंच चालतं. खड्ड्यावर फळ्या टाकून त्यांनी खुर्च्यांच्या दोन रांगा वाढवल्या आहेत. त्यासुद्धा भरतात.

त्या बाईला सुरातलं काय कळतं, वगैरे मी घरी येऊन तुझ्या वहिनीला भरपूर ऐकवलं. मग मोरीतला नळ सोडून रडलो. हे फक्त तुला सांगतो आहे.

एकच विचारायचं आहे. मी चांगलं वाजवायचो का गं? तू खोटं बोलत नाहीस. तेवढा एकच गुण आहे तुझ्यात.

दादा

८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यावर आधी मनात आलं की बरी खोड मोडली. तेही लपवत नाही. मग मात्र जेवण गेलं नाही. तुझा मालक कवडीमोलाचा माणूस आहे, नायिका त्याला शोभेलशी आहे आणि तू दीडशहाणा आहेस. तिघांबद्दलचंही माझं मत कायम आहे.

कीबोर्ड उघडू नकोस. बहुतेक आतला वीजपुरवठ्याचा भाग जळला असेल, तो बदलता येतो. पुढच्या शनिवारी मी येते, आमच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन.

आता तुझ्या प्रश्नाचं. मला माहीत नाही. मी तुझं वाजवणं कधी ऐकलेलंच नाही. घरी तू हेडफोन लावून सराव करायचास. मला पलीकडच्या खोलीत फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू यायची. तुला थिएटरात काम मिळालं त्या वर्षी मी नुकती नोकरीला लागले होते. तुझ्याकडे एक पास मागितला होता. तू सगळ्यांसमोर हसलास आणि म्हणालास, बटाटेवाल्यांना पास देणं म्हणजे खुर्ची फुकट घालवणं. त्यानंतर मी मागितला नाही. तिकीट काढून येता आलं असतं, पण मीही तुझीच बहीण.

शनिवारी दुरुस्ती झाली की तीनही अंकांचं संगीत मला वाजवून दाखव. वाईट वाजवलंस तर तोंडावर सांगेन. चांगलं वाजवलंस तर त्या सव्वीस वर्षांचं काय करायचं, ते मात्र मला माहीत नाही.

लोभ नेहमीसारखा तुसडा असला तरी चालेल, असू दे.

तुझी,
धाकटी