गाठोड्यावरचं नाव

३ मार्च, सोमवार

कामाला लागून आठवडा झाला आणि आज पहिल्यांदा उस्ताद माझ्यावर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "चौकशी खिडकी, आता तोंडापेक्षा हात चालव." हे नाव त्यांनीच ठेवलंय. मी फार प्रश्न विचारते म्हणे. न विचारून काय करू? आजवर झबली आणि शर्ट शिवले. इथे अख्ख्या खोलीवर पसरेल एवढं रेशमी कापड पाठीवरच्या पिशवीत मावतं — आणि विमानातून उडी मारली की दोन-तीन सेकंदांत सगळं बाहेर! पॅराशूटला उस्ताद गाठोडंच म्हणतात. आम्हीही तेच म्हणायला लागलोय.

टेबल चाळीस फूट लांब. कापडाच्या एकेका पट्टीची घडी घालायची, घडी हलू नये म्हणून तिच्यावर वाळूची छोटी पिशवी ठेवायची. काम झालं की पिशव्या मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी गाठोडं पुन्हा सोडायचं, कारण ती आत राहिली असणार. शेवटी वरच्या खिशात कार्ड — तारीख आणि बांधणाऱ्याचं नाव. नाव कशाला, असं विचारलं. उस्ताद म्हणाले, "नाही उघडलं तर कोणाला धरायचं ते कळायला नको?"

हसत नव्हते.

७ मार्च, शुक्रवार

सासूबाईंनी विचारलं, "पण तू तिथे करतेस तरी काय गं दिवसभर?" पलंगावरची चादर घेऊन करून दाखवलं. त्यांनी घडीच्या कडा बोटाने चाचपून बघितल्या. म्हणाल्या, "म्हणजे येत होती तर तुला घडी."

१२ मार्च, बुधवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि ती डोक्यातून जात नाहीये. शेडच्या टोकाला फळी आहे. तयार गाठोडी तिथे ठेवतात. सैनिक येतात, उचलतात, जातात. आम्ही सात बायका. आमच्या हातची गाठोडी फळीवर जशीच्या तशी! उस्तादांची आणि दोघा म्हाताऱ्या कारागिरांची संपली, आमची एकावर एक चढतायत.

मुद्दाम झाडू घेऊन तिथे घुटमळले. सैनिक कार्ड काढतो, नाव वाचतो, गाठोडं हळूच परत ठेवतो. एक उंच काठीसारखा आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात. त्याला सरळच विचारलं, का ठेवलंस? बिचारा लाजला. "ताई, राग मानू नका. पण जीव एकच आहे ना."

राग नाही आला. खरं तर त्याचं म्हणणं पटलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

१३ मार्च, गुरुवार

मोठे साहेब येऊन फळी बघून गेले. म्हणाले, महिनाअखेर हीच गत राहिली तर सातही जणींना घरी पाठवायचं आणि इस्पितळातून बरे झालेले सैनिक इथे बसवायचे. मास्तरीणबाई (शाळा बंद पडली म्हणून इथे आल्या) डबाही न उघडता बसून राहिल्या. मला घरी जायचं नाहीये. लिहूनच टाकते — मला हे काम आवडतं. आमचे हे आघाडीवरून परत आले की त्यांना काय सांगायचं ते तेव्हा बघू.

१७ मार्च, सोमवार

मास्तरीणबाईंची युक्ती: कार्डावर पूर्ण नाव नको, नुसती आद्याक्षरं. बाई की बुवा, कळणार कसं? सकाळपासून सगळ्या खुशीत.

१८ मार्च, मंगळवार

कळलं! लंबू कार्ड न बघताच आमची बाजूला काढत होता. म्हणे, "तुमची ओळखू येतात. दोऱ्यांची टोकंसुद्धा आत खोचलेली असतात. पुरुष एवढं नीट कशाला करतोय?" म्हणजे चांगलं केलं म्हणून पकडले गेलो. वर उस्तादांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. अर्धवट नाव म्हणजे अर्धवट जबाबदारी, म्हणाले. पुन्हा पूर्ण नावं लिहिली. मास्तरीणबाईंनी तर बापाच्या नावासकट लिहिलं.

२० मार्च, गुरुवार

उस्ताद चहा पीत होते. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, तरी पेला त्याच हातात धरतात. विचारलं, तुमच्या गाठोड्यांवर सैनिकांचा विश्वास कसा बसला? सुरुवातीला तुम्हीही नवेच असणार की.

ते म्हणाले, "सोपं आहे. मीच उडी मारली."

तशी रीतच आहे इथे! दर वर्षी बांधणाऱ्याने एकदा उडी मारायची, स्वतःच्या हातच्या गाठोड्याने. कुठल्या, ते सैनिक निवडणार. मग आम्हाला का नाही सांगितलं? उस्ताद पेल्यात बघत म्हणाले, "बायकांना कोण सांगणार?"

नियमांचं पुस्तक मागून घेतलं. बायकांना मनाई कुठेच नाही. बायकांचा उल्लेखच नाही. ते लिहिलं तेव्हा आम्ही कोणाच्या ध्यानीमनीही नसू.

२१ मार्च, शुक्रवार

मोठ्या साहेबांकडे गेले. नियमांचं पुस्तक उघडून पुढे ठेवलं, म्हटलं, मला उडी मारायचीय. ते म्हणाले, "तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या घरच्यांना काय सांगू?" म्हटलं, गाठोडं नीट नव्हतं असं सांगा. त्यांनी पुस्तकातलं ते पान पुन्हा वाचलं. मग कागदावर सही केली.

२६ मार्च, बुधवार

तीन दिवस ओट्यावरून उड्या. गुडघे जुळवून पडायचं, लगेच कुशीवर कलंडायचं. पुरुषाची पँट, कमरेला दोरी. दिसेल त्याला विचारते, उडी मारल्यावर कसं वाटतं? एक म्हणाला श्वास अडकतो. एक म्हणाला आई आठवते. लंबू म्हणाला, भूक लागते. कोणाचं खरं?

भीती आहेच. पण भीती जास्त की उत्सुकता, हे विचाराल तर उत्सुकताच. घरी काही बोलले नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मारली!

गाठोडं लंबूने निवडलं. तळातलं, सगळ्यात जुनं, माझ्या पहिल्या आठवड्यातलं. ते बघून मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. दारात उभी राहिले, पाठीवर थाप पडली आणि पुढे पायाखाली काही नाही. एक जोराचा हिसका. मग एकदम शांत. एवढी शांतता असते, हे कोणीच कसं सांगितलं नाही?

सगळे खाली जमिनीकडे बघतात. मी वर बघत होते. पट्ट्या मोजत होते! सगळ्या फुगल्या होत्या, एका दोरीला मात्र पीळ होता. हा कुठल्या घडीत पडला असेल, याचा विचार करत राहिले आणि जमीन कधी आली कळलंच नाही. धपकन आपटले. घोटा मुरगळला.

सैनिक पळत आले. मी पहिलं काय बोलले, तर "सातव्या दोरीला पीळ आहे." लंबू हसत हसत खालीच बसला. उस्ताद हसले नाहीत. दोरी हातात घेऊन पीळ बघितला, म्हणाले, "सोमवारी दाखवतो, तो का पडतो ते."

घरी सांगितलं, पायरीवरून घसरले. सासूबाईंनी गरम पाण्याने पाय शेकून दिला. पायाला चिकटलेलं शेतातलं गवत काढून बाजूला ठेवलं.

३१ मार्च, सोमवार

फळी रिकामी. मास्तरीणबाई तिच्यावरून हात फिरवत रडत होत्या. मीही रडले.

४ एप्रिल, शुक्रवार

मोठ्या साहेबांनी बोलावलं. खोलीत दुसरे एक साहेब, साध्या कपड्यांतले. उडी मारणारी बाई आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं. माझं माहेर कुठलं, हेही त्यांना ठाऊक होतं — नदीपलीकडचं, गेल्या वर्षी शत्रूने घेतलेलं. तिथली बोली मला अजून येते का? येते. तिथल्या बाजारात टोपली घेऊन बसता येईल का? पुलावरून किती गाड्या जातात, ते मोजून कळवायचं. "पुरुष दिसला की उचलतात," ते म्हणाले. "भाजी विकणाऱ्या बाईकडे कोण बघतंय?"

मी खूप विचारलं. कुठे उतरायचं, कोणाकडे राहायचं, निरोप कसा पोचवायचा. सगळ्याची उत्तरं त्यांच्यापाशी तयार होती. परत कसं यायचं, हे विचारल्यावर त्यांनी नकाशा गुंडाळायला घेतला.

उद्यापर्यंत सांगायचंय.

५ एप्रिल, शनिवार

हो म्हणून आले. सासूबाईंना सांगितलं, लांबच्या शेडमध्ये बदली झाली.  त्या आत जाऊन ह्यांचा जाड लोकरीचा सदरा घेऊन आल्या. म्हणाल्या, "हा आतून घाल. वर गार वारा असेल."