कौनसा परसों

अण्णा, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की दगडातलं ते पान खाणीच्या खालच्या थरातलं आहे. ते मला माहीत नव्हतं.

खाणीत वर नदीचा गाळ, मध्ये काळा पाषाण, त्याखाली पुन्हा गाळ; पान उमटलेला दगड दोन्हीकडे सारखाच राखाडी. पान खालचं असेल तर आपली भूमी समुद्रात एकटी होती तेव्हापासून हे झाड इथलं, आणि इथूनच पुढे आशियात पसरलं. वरचं असेल तर भूमी आशियाला जोडल्यावर ते तिकडून आलेलंही असू शकेल. कधी निघालं, असं मी मुकादमाला विचारलं. "परसोंच निकला, अम्मा." परवा खालचा थर खणत होते. मी वहीत 'खालचा थर' लिहिलं आणि त्यावर अख्खा शोधनिबंध उभा केला.

हैदराबादचं, नल्लकुंट्याच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. मी अजून शाळेत जात नाही. अंबाडी निवडताना तुम्ही एकेक पान माझ्या पाटीवर ठेवता, शिरा गिरवायला लावता. दारात धोबी म्हणतो, "परसों तो दिया, साब." मी कॅलेंडरवरच्या त्याच्या खुणा बघून ओरडते, "खोटं! परवा हा आलाच नव्हता." तुम्ही मला त्याची माफी मागायला लावलीत. "जाने दो साब, बच्ची वकील बनेगी," तो हसला. तुम्ही हसला नाहीत. "हैदराबादचा परसों महिन्यापूर्वीचाही असतो. आधी विचारायचं, कौनसा परसों?"

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. आता माझे मार्गदर्शक सर म्हणतात, देश उघडलाय, बाहेरचे लोक आपलं ऐकायला बोलावतायत. हा निबंध परदेशात वाचायला माझा पासपोर्टही आलाय; आई गल्लीभर सांगून बसली आहे. गेल्या आठवड्यात मी पुन्हा खाणीवर गेले आणि तुमचा प्रश्न विचारला. मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "क्या मालूम अम्मा, बारिशां के पहले का होइंगा." तेव्हा तर वरचाच गाळ उपसत होते.

हा प्रश्न पहिल्या दिवशीही माझ्या ओठांवर आला होता, अण्णा. उत्तर नको होतं, म्हणून मी तो गिळला.

आज शनिवार. सरांना सांगून निबंध मागे घेणार आहे, परवा. सोमवारी सकाळी साडेदहाला, ते खोली उघडतील तेव्हा.