मामांचा नियम आणि चारशेवी बाटली

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार, आणि मामींना त्याहून थोडा वाकून (त्यांच्या लक्षात राहतं).

मी ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, पूर्वीपेक्षा कमी की तेवढाच, सविस्तर लिहा. आळस करू नका.

कच्च्या मालाचं कोठार माझ्याकडे आलं, हे तुम्हाला माहीत आहेच (सगळ्या नातेवाइकांत तुम्हीच सांगितलंत). आमच्याकडे जीवनसत्त्वांच्या चघळायच्या गोळ्या होतात. साखर, जिलेटिन, फळांचे अर्क आणि जीवनसत्त्वांचे डबे मी सांभाळतो. पहिल्याच आठवड्यात जिलेटिनची तीन पोती भिंतीला टेकवून ठेवली. भिंतीला ओल होती. आता त्या तिन्हींचं मिळून एक बाक झालं आहे आणि हमाल जेवणाच्या सुट्टीत त्यावर बसतात. बाक उत्तम आहे.

मग मी तुमचा नियम लावला. तीस वर्षं नटबोल्टचं कोठार सांभाळून तुम्ही मला एकच गोष्ट बजावलीत, आधी आलेला माल आधी बाहेर. मी प्रत्येक डब्यावर आल्याच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि डबे रांगेत लावले. अडचण एवढीच की बोल्टला मुदत नसते, जीवनसत्त्वाला असते. ड-जीवनसत्त्वाचा जो डबा सगळ्यांत शेवटी आला, त्याचीच मुदत सगळ्यांत आधी संपत होती. हे मला दिसायला हवं होतं. पण डब्यावर गुळगुळीत जागा तेवढी मुदतीच्या छापापाशी होती, आणि चिठ्ठ्या मी तिथेच चिकटवल्या होत्या. एकूण एक, अगदी नीट.

त्या डब्याचा नंबर लागला तेव्हा मुदत उलटून दीड महिना झाला होता. गोळ्या होऊन बाटल्यांत भरल्यावर प्रयोगशाळेतल्या बाईंनी नखाने चिठ्ठी सोलली, तारीख वाचली आणि माझ्याकडे न बघता खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो. बाटल्या चारशे. मोजल्या तर तीनशे नव्याण्णव. साहेब शांतपणे म्हणाले, “सोमवारी याच चारशेच्या चारशे बाटल्या माझ्यासमोर हव्यात. नसतील तर कोठाराची किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं.”

मला ही किल्ली आवडते, मामा. जाईल या विचाराने दोन दिवस ती उशाखाली घेऊन झोपतो आहे. बाकी सर्व क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. : चारशेवी बाटली तुमच्याकडे आहे. आम्हाला महिन्याला एक बाटली घरी न्यायची मुभा असते; तुमच्यासाठी ताज्यातली ताजी म्हणून तपासणीआधीच खोक्यातून उचलली आणि पाठवली. मिळेल त्या गाडीने परत पाठवा.

ता. क. दुसरा : गुडघ्याची चौकशी रीत म्हणून केली नव्हती. बाईंचं म्हणणं, त्या गोळ्यांनी अपाय होणार नाही, पण गुणही येणार नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामींचं पत्र आलं. गोळ्या संपल्या, तुम्ही जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढता आणि शेजाऱ्यांसाठी आणखी दहा बाटल्या हव्यात, असं त्या लिहितात. दहाचं नंतर बघू. रिकामी बाटली तेवढी धुऊन, झाकण घट्ट लावून पाठवा. साहेब बाटल्याच म्हणाले आहेत, गोळ्यांचं काही बोलले नाहीत. आणि सोमवारपर्यंत जिना कृपा करून हळू चढा.