सामान पुढे गेलं आहे

त्सुकुबा,
मंगळवार, २४ एप्रिल २०१८
(वार मुद्दाम लिहिला आहे. मैथिली, माझीच लेक, रोज सकाळी चहाबरोबर मला तो विचारते.)

चि. सुलेखा,

आशीर्वाद. राग आला म्हणून आशीर्वाद मागे ठेवता येत नाहीत, तेव्हा ते आधी देऊन मोकळा होतो. इकडे सगळे खुशाल. तिकडची खुशाली तुझ्या हरीशच्या मेसेजवरून कळली. त्याच्याकडे खाली येतोच.

सकाळपासून कानात एक आवाज आहे. बाबांच्या सायकलच्या फ्रीव्हीलचा. आठवतो? तू मागे कॅरिअरवर, दप्तर पोटाशी धरून, भुजंगप्रयातातली कविता खड्या आवाजात म्हणायचीस आणि मी तिच्या ठेक्यावर पायडल मारायचो. एक लहान, दोन मोठी. एक लहान, दोन मोठी. असं चारदा झालं की ओळ संपायची. तू श्वास घ्यायचीस, मी पाय थांबवायचो, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत फ्रीव्हील करकर करकर बोलायचं. तू म्हणायचीस, "दादा, ओळ माझी, मधली जागा तुझी." आयर्विन पुलावर वारा समोरून यायचा, खाली कृष्णा, आणि तुझा आवाज माझ्या पाठीवर आपटायचा. पुढे पुष्कळ गाणी ऐकली. तसलं काही पुन्हा कानावर आलं नाही.

आता हरीश. तो लिहितो, "मामा, आईचं युरोप कॅन्सल. तिला नाही जमणार. सेफ्टी फर्स्ट." खाली जोडलेल्या हातांचं चित्र. हे हात कुणाचे? तुझे? तुला तोंड नाही? फोन नाही? सातवीत आख्ख्या वर्गासमोर मास्तरांची चूक काढणारी मुलगी आता मुलाच्या अंगठ्याआड लपते? नाही म्हणायचं तर मला म्हण. मोठ्यानं म्हण. मी भांडेन, तू भांडशील, मग काय ते ठरेल. भांडायलासुद्धा मी लायक उरलो नाही, असं का वाटलं तुला?

गेली दोन वर्षं आपण दर रविवारी फोनवर हीच नदी वल्हवतोय. पासाउपासून व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूबच्या काठाकाठानं, आठवडाभर. सपाट रस्ता, आणि पाण्याच्या उताराकडे जायचं, म्हणजे नदीच आपल्याला पुढे ढकलणार. सायकली सहलीच्या कंपनीच्या, वाटेचं पुस्तक त्यांचं. बरोबर वाटाड्या नाही, शिट्टी वाजवणारा कुणी नाही. वाटलं तिथे थांबायचं, जर्दाळूच्या बागेत बसायचं, होडीत सायकल घालून पलीकडच्या काठाला जायचं. संध्याकाळी मुक्कामाला पोचावं तर खोलीत आपली बॅग आधीच येऊन बसलेली. आपटे मास्तरांनी नकाशात नद्या रंगवायला लावल्या तेव्हा निळी पेन्सिल तू पळवलीस आणि माझी डॅन्यूब जांभळी झाली. ती खरी कोणत्या रंगाची आहे, एवढं मला बघायचं आहे. फार आहे का हे मागणं?

आणि कंपनीचा नियम तुला ठाऊक आहे. एकट्या माणसाला ते पाठवत नाहीत, निदान दोघं हवेत. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. तू नाही म्हणालीस म्हणजे माझंही नाही झालं. हे माहीत असून तू नाही म्हणालीस.

कारण काय, तर बॅग! तुझं मागच्या महिन्यातलं बोलणं मला पाठ आहे. "दादा, आपले कपडे परक्या माणसाच्या गाडीत घालायचे आणि आपण मागून सायकल हाणत जायचं? बॅग नाही पोचली तर संध्याकाळी काय हॉटेलचा पडदा गुंडाळू?" वर आईच्या ट्रंकेचा दाखला. मिरज जंक्शनवर हमाल ती डोक्यावर घेऊन पुढे गेला तो गेलाच, आणि आई लग्नाला नेसत्या लुगड्यानिशी उभी राहिली. मान्य. मीही होतो तिथे. पण त्याला साठ वर्षं झाली, सुले! इथे जपानात तर माणसं बॅग हातात घेऊन फिरतच नाहीत. मैथिली परदेशातून आली की विमानतळावरच बॅग कुरिअरवाल्याच्या स्वाधीन करते आणि हात हलवत घरी येते. दुसऱ्या दिवशी सांगितल्या वेळेला तो दारात हजर, वर टोपी काढून वाकतो. सामान पुढे, माणूस मागे, ही इथली रीतच आहे. तू ऐकून काय म्हणालीस? "वाकणारा हमाल तर जास्तच संशयाचा."

हसलो होतो तेव्हा. आता येत नाही हसू.

खरं सांग, बॅगेचं निमित्त आहे ना? मैथिलीनं तुला मार्चमधलं सांगितलं असणार. मीठमसाला लावून. तर माझ्या बाजूनंही ऐक.

इथे एक जुनी रेल्वे होती, ती केव्हाच बंद पडली. रूळ उचलून त्या वाटेवर सायकलींसाठी झकास रस्ता केला आहे. डॅन्यूबची तयारी म्हणून मी रोज तिथे जायचो. मधल्या स्टेशनांचे फलाट त्यांनी तसेच ठेवलेत. एका फलाटाला चेरीची झाडं आहेत, अजून कळ्याच होत्या. मी दमलो आणि टेकलो. बस, एवढंच झालं. म्हातारा माणूस बाकावर टेकला तर तो या देशात गुन्हा आहे का?

अंधार पडू लागला तेव्हा पोलीस आला. इतका अदबीनं बोलत होता की मला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. इथे प्रत्येक सायकलवर चोरीला गेली तर सापडावी म्हणून नंबराची चिकटपट्टी असते. त्यानं ती वाचली, मैथिलीचा पत्ता काढला, सायकल गाडीत घातली, शेजारी मला घातलं आणि दोन्ही घरी पोचती केली. सायकल सापडावी तसा मी सापडलो! मैथिलीनं पोलिसाची पंधरा वेळा वाकून माफी मागितली. माझ्या वतीनं. मी काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सायकलला आकड्यांचं कुलूप. आकडा मला सांगितलेला नाही. मी म्हटलं, "अगं, सायकल माझी आहे." ती म्हणाली, "बाबा, सायकल तुमचीच आहे. तुम्ही माझे आहात." या वाक्याचा संताप वेगळाच. मोठ्या भूकंपानंतर मी हिला रोज फोन करून म्हणायचो, तो देश सोड, घरी ये. ती आली नाही. तेव्हा तिला तिचं कळत होतं. मग माझं मला का कळू नये?

नात, छोटी शमा, तेवढी माझ्या बाजूची. पण ती जपानीत बोलते, त्यामुळे नक्की काय बाजू घेते ते कळत नाही.

बरं, पोलिसाला बोलावलं कुणी, तर एका बाईनं. कुत्र्याला फिरवत होती. मी तिला काही विचारलं, त्यावरून तिनं फोन केला. काय विचारलं? साधंच. आता लिहायला बसलोच आहे तर लिहितो.

गाडी किती लेट आहे, असं विचारलं.

हसू नकोस. फलाट होता, बाक होता, संध्याकाळची वेळ होती. माणूस फलाटावर बसून आणखी काय विचारणार? खाली रूळ नाहीत हे मला दिसत होतं, सुले. दिसत होतं आणि तरी त्यानं काही बिघडत नव्हतं. ती बाई काहीतरी म्हणाली. मी तिला मराठीतच सांगितलं की बहीण येणार आहे, मिरजेकडून, तिला घ्यायला आलोय. सायकल आणली आहे, ती मागे बसेल. त्या बाईला काय कळणार मराठी! पण तिनं आपला गळपट्टा काढून माझ्या गळ्यात घातला आणि पोलीस येईपर्यंत कुत्र्यासकट शेजारी बसून राहिली. हे मैथिलीला कळलं आहे की नाही, कोण जाणे. ती त्यावर बोलत नाही. फक्त वार विचारते.

तेवढ्या वेळात मी घाबरलो नव्हतो. घाबरलो ते घरी आल्यावर, दिव्याच्या उजेडात.

म्हणून तू हवी होतीस. वाटेचं पुस्तक तू धरायचं, फाटा आला की तू सांगायचं. पाय माझे अजून चांगले आहेत, छातीही चांगली आहे. फक्त ओळ कुणीतरी म्हणायला हवी. आणि तू हरीशकडून हात जोडून पाठवतेस!

थांब, बेल वाजली. मैथिली कामावर गेली आहे, मलाच उठायला हवं.

आलो परत. कुरिअरवाला होता. वेळेवर, टोपी काढून, वाकून. एक जड बॅग ठेवून गेला. मी म्हणालो, आमची नाही. त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं. पाठवणार शशांक, ओजिमा. म्हणजे तुझ्या हरीशचा तो तोक्योतला मित्र, दिवाळीला चकल्या घेऊन आला होता तो. आता हरीश बॅगभर वस्तू पाठवून मामाची समजूत काढणार वाटतं! नको मला त्याचं काही. मैथिली आली की तशीच परत पाठवायला लावतो. फराळानं मिटणारा हा राग नाही.

पण सुले, ही बॅग दोरीनं बांधलेली नाही. परकराच्या नाडीनं बांधली आहे. निळ्या. गाठीवर गाठ. माझ्या ओळखीत बॅगेला नाडी बांधणारी एकच बाई आहे, आणि ती आपली बॅग कुणाच्या हातात देत नाही. आगगाडीत उशाला घेऊन झोपते.

गाठ सोडवून बघावी म्हटलं, तर बोटं ऐकत नाहीत. मैथिलीला फोन केला. ती म्हणते, "बाबा, आज घरीच थांबा हं. कुठे जाऊ नका." एवढंच बोलली आणि हसली. ही मुलगी कामाच्या वेळेत कधी हसत नाही.

मला कुणी काही सांगत का नाही? मी काय लहान

दारावर थाप पडते आहे. बेल नाही, थाप. या देशात दारावर कुणी थाप मारत नाही. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल. एक लहान, दोन मोठ्या. एक लहान, दोन मोठ्या. एक लहान, दोन मोठ्या. एक लहान, दोन मोठ्या.

आता थांबली.

ही जागा माझी. उठतो. राग अजून आहे, तो दार उघडून समोरासमोरच देतो.

फलाटावर बसून राहिलेला,
तुझा नंदूदादा