मैदानावरच्या एकतीस बॅटऱ्या परत घरांत नेण्याच्या हुकुमाबाबत

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
गृहविद्युत साधने विभाग,
नगर कार्यालय, लोमा सेराडा.

अर्जदार : एवारिस्तो मोन्तास, वय ६८, साखर कारखान्यातील निवृत्त वीजतंत्री, राहणार चर्चमागील वस्ती.

विषय : बेसबॉलच्या मैदानावर ठेवलेल्या ३१ इन्व्हर्टर बॅटऱ्या तीन दिवसांत "मूळ जागी" नेण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ११ सप्टेंबर. २) माझे अर्ज, दि. ३ जून व २० जून.

महोदय,

आपली नोटीस पोचली. मी व शेजाऱ्यांनी सार्वजनिक मैदानावर धोकादायक वस्तूंचा साठा केला असून त्या वस्तू मूळ जागी परत न्याव्यात, असे तीत म्हटले आहे. मूळ जागा म्हणजे लोकांच्या खाटांखालची जागा. नोटीस लिहिणाऱ्यास हे ठाऊक नसावे असे समजून पुढील हकिकत सादर करतो.

१. आपल्या गावात वीज दिवसातून सात-आठ तास जाते. म्हणून ज्याला जमते तो घरात इन्व्हर्टर व चार बॅटऱ्या ठेवतो. माझी पत्नी नुरिस हिचे इन्शुलिन फ्रिजमध्ये असते, त्यामुळे आमच्याकडे इन्व्हर्टर ही चैन नव्हती. एप्रिलमध्ये आम्ही मुख्य रस्त्यावरच्या दुकानातून चार "नव्या कोऱ्या" बॅटऱ्या घेतल्या. मेअखेर त्या इतक्या तापू लागल्या की वर तळहात टेकवत नसे. दोन बॅटऱ्यांच्या कडा फुगल्या. घरभर नासक्या अंड्यांचा वास सुटला. मी चौतीस वर्षे कारखान्यात बॅटऱ्या सांभाळल्या आहेत. हा वास उकळणाऱ्या बॅटरीचा, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

मी एका बॅटरीवरचे लेबल नखाने सोलले. खाली दुसरे लेबल निघाले. त्याखाली तिसरे. शिशाच्या टोकावर ठोकलेली तारीख आठ वर्षांपूर्वीची होती. मेलेल्या बॅटऱ्या धुऊन, आत नवे आम्ल ओतून विकल्या होत्या. चारांपैकी एक मेलेली असली की तिच्या वाट्याची वीज बाकीच्या तिघींत कोंबली जाते आणि त्या उकळतात. हे मी दुकानाचे मालक राडामेस यांना काउंटरवर समजावून सांगितले. ते गिऱ्हाइकांकडे बघून हसले व म्हणाले, "मिस्त्री, बॅटरी म्हणजे सासू. वय झालं की थोडी तापणारच. पंखा लावा की तिला." सगळे दुकान हसले. मी लेबले खिशात घालून बाहेर पडलो.

२. माझ्या ३ जूनच्या अर्जावरून आपले निरीक्षक श्री. लेओन्सिओ पिमेंतेल १७ जून रोजी घरी आले. नुरिसने त्यांना कॉफी व तळलेली केळी दिली. त्यांनी फुगलेल्या बॅटरीपासून दोन हातांवर खुर्ची मांडून सगळे खाणे संपवले, तेलकट बोटे बॅटरीवर झाकलेल्या फडक्याला पुसली आणि "इथं गरमी फार आहे बुवा" असे म्हणून ते गेले. त्यांच्या अहवालात लिहिले आहे : "वास स्वयंपाकघरातील नासक्या अंड्यांचा असावा. गृहिणीस स्वच्छतेबाबत समज द्यावी." आमच्या घरी त्या आठवड्यात अंडे नव्हते. एकेचाळीस वर्षे जिने माझे घर आरशासारखे ठेवले तिच्याविषयी हे सरकारी कागदावर लिहिले गेले. तो कागद हातात धरताना मला आजही शिसारी येते.

३. २० जूनच्या अर्जावर "दुकानदाराशी संपर्क साधावा" असे उत्तर आले. दुकानदाराने २ जुलै रोजी दुपारी दोन वाजता आपला कारागीर विल्किन यास पाठवले. पन्नाशीचा, गरीब स्वभावाचा माणूस. वीज नुकतीच आली होती व चार्जर जोरात चालू होता. मी म्हणालो, "थांब, मागं जाऊन खटका पाडतो, तोवर हात लावू नकोस." तो म्हणाला, "दादा, रोज दहा घरं करतो मी. तुम्ही बसा." मी परसात पोचलो होतो, हात खटक्यावर होता, तेवढ्यात त्याने पाना लावून तार सैल केली. ठिणगी पडली आणि बॅटरी फुटली. नुरिस त्याला कॉफी देण्यासाठी वाकली होती.

पंपाने टाकी अजून भरायची होती, म्हणून नळाला पाणी नव्हते. पिंपातले पाणी मी तिच्या चेहऱ्यावर ओतत राहिलो. विल्किन भाजलेल्या हातांनी मला पाणी भरून देत होता व रडत होता. नुरिस एवढेच म्हणाली, "एवारिस्तो, डोळा उघडत नाहीये." तिचा डावा डोळा गेला. मी खटका दोन मिनिटे आधी पाडला असता तर वाचला असता. ही माझी चूक आहे व ती मी येथे नोंदवतो. इतरांनी आपापली नोंदवावी.

४. ९ ऑगस्ट रोजी आपल्या कार्यालयाचे पत्र आले : "तक्रारीतील साधन आता अस्तित्वात नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." पत्र मी नुरिसला वाचून दाखवले. तिने विचारले, "डोळ्याबद्दल काही लिहिलंय?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग ठेव ते. दुसऱ्यांच्या घरी जाऊन बघ आधी."

५. त्यानंतर विल्किन व मी वस्तीत घरोघर फिरलो. स्वतः कुठल्या घरात काय बसवले होते ते विल्किनला पाठ होते. पट्ट्या बांधलेल्या हाताने तो दारे वाजवी व स्वतः सांगे, "मीच बसवली होती, मीच काढायला आलोय." काहींनी त्याच्या अंगावर दार आपटले. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मिरेयाबाई, वय ८१, यांच्या खाटेखाली चार बॅटऱ्या होत्या आणि त्यांची गादी खालून पिवळी पडून विरली होती. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, म्हातारपणाचा घाम आहे." एकोणीस घरांतून अशा एकतीस मेलेल्या बॅटऱ्या निघाल्या. प्रत्येकीवर दोन किंवा तीन लेबले. गावात मोकळी, वस्तीपासून लांब व वारा असलेली जागा एकच आहे. तेथे झाडाच्या सावलीत फळ्यांवर, एकमेकींपासून अंतर ठेवून, टोके झाकून त्या मांडल्या आहेत. भोवती दोरी बांधली आहे. मुले सध्या रस्त्यावर खेळतात व त्यांच्या शिव्या मी खातो.

बॅटऱ्या काढल्याने या एकोणीस घरांत वीज गेली की अंधार असतो. नुरिसचे इन्शुलिन मासळीवाल्याकडच्या बर्फात राहते व त्याला मासळीचा वास येतो. हे आम्ही पत्करले आहे. आपल्या कार्यालयाने मात्र साडेतीन महिन्यांत फक्त दोन आदेश काढले : एक माझ्या बायकोला स्वयंपाकघर धुण्याचा, दुसरा हे विष पुन्हा माणसांच्या खाटांखाली सारण्याचा. दुकान आजही उघडे आहे. काल सकाळी तेथून चार बॅटऱ्या हातगाडीवर बाहेर पडताना मी पाहिल्या. हातगाडीवाल्याला थांबवून लेबल सोलले. खाली दुसरे होते. त्याने हातगाडी तशीच मागे वळवली. आपल्या निरीक्षकांना जे पंधरा दिवसांत जमले नाही ते त्याने रस्त्यात उभे राहून केले.

६. तरी दुकानाचे कोठार तपासून विक्री बंद करावी, निरीक्षकांचा अहवाल रद्द करून माझ्या पत्नीची लेखी माफी मागावी आणि बॅटऱ्या नेण्यासाठी जाणती माणसे पाठवावीत. आपल्या नोटिशीचे पालन मी करणार नाही. शिक्षा करायची झाल्यास ती माझ्या एकट्याच्या नावे करावी. विल्किन व इतर घरे यांना त्यात ओढू नये.

मुदत आज सायंकाळी पाच वाजता संपते. त्या वेळी नुरिस व मी मैदानावर बसलेलो असू. बॅटऱ्या तेथेच असतील.

नकार कळवून, तरीही नम्र,
(सही) एवारिस्तो मोन्तास
लोमा सेराडा, दि. १४ सप्टेंबर

सोबत : १) सोललेली लेबले, बावीस. २) डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला. ३) निरीक्षकांच्या अहवालाची प्रत. ४) एकोणीस घरांच्या सह्या, विल्किनची सही डाव्या हाताची आहे, उजवा अजून बरा झालेला नाही.