फिलिपच्या कॉर्नरचं पाणी

२६ जानेवारी २०२५, रविवार. संध्याकाळी ६.

क्लबचा वर्धापनदिन. व्हेटरन्स एक्झिबिशन मॅच, मी विरुद्ध फिलिप. दीड-दीड मिनिटाचे तीन राउंड. मी अठ्ठावन्न, तो साठ. माझा एकूण परफॉर्मन्स झकास. फूटवर्क विशेष.

एक किरकोळ प्रकार घडला. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी तिखटमीठ लावायला नको. तिसरा राउंड संपल्याची घंटा झाली म्हणे. मला ऐकू आली नाही. लाउडस्पीकर चालू होता. माझा उजवा हात आधीच निघाला होता, तो पोचला. फिलिप खाली बसला. डाव्या भुवईला चार टाके. तो हेडगिअर वर सरकवत होता. आता रिंगमध्ये उभं असताना हेडगिअर कोण काढतं? रेफरी सुरुवातीलाच सांगतो की स्वतःला सतत सांभाळा. म्हणजे कायद्याने बघितलं तर चूक कोणाची?

आमच्या क्लबात शेवटची घंटा झाली की समोरच्याच्या कॉर्नरला जायचं आणि त्याच्या बाटलीतलं घोटभर पाणी प्यायचं. तो येऊन आपलं पितो. ते झालं की मॅच संपली, मनातलंही संपलं. पाणी राहिलं तर मॅच संपलेली धरत नाहीत. एकतीस वर्षांत माझं कधी राहिलं नव्हतं. आज राहिलं. गर्दी झाली होती. शिवाय मला तहान नव्हती.

आणखी एक. मॅचच्या आधी कपडे बदलताना फिलिपने सांगितलं की तो आणि त्याची बायको कार्मेन ३ मार्चला कॅनडाला चाललेत, मुलाकडे, ब्रेंडनकडे. कायमचे. मरोळचं घर भावाला देणार. भाजी आणायला जातोय अशा आवाजात सांगितलं. मी अभिनंदन केलं. मला आनंदच झाला. या गोष्टीचा त्या ठोशाशी काही एक संबंध नाही.

उद्या फिलिपचा फोन येईल. मी मोठ्या मनाने विषय मिटवीन.

२७ जानेवारी, सोमवार.

फोन नाही.

वॉचमनला माझ्या फोनवर मिस्ड कॉल द्यायला सांगितला. फोन चालू आहे.

२९ जानेवारी, बुधवार.

सुगंधाचा फोन. आता क्लबची कोच आहे. हिला हाताला पट्टी बांधायला मी शिकवलं, दहा वर्षांची होती. म्हणाली, काका, फिलिपअंकलची माफी मागा आणि त्यांच्या कॉर्नरचं पाणी प्या. मी शांतपणे विचारलं, कशाबद्दल? लाउडस्पीकरचं सांगितलं. ती म्हणाली, स्पीकर बंद होता काका, लाइट गेली होती, आठवत नाही का, दोन राउंड आपण खिडक्या उघडून खेळवले.

हे मात्र खरं. विसरलोच होतो.

म्हणजे प्रॉब्लेम कानाचा आहे. या वयात होतं. कानाच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणतो आणि सगळ्यांच्या तोंडावर मारतो. उद्याच.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.

क्लबला गेलो नाही. एकतीस वर्षं दर रविवारी सात ते आठ फिलिपबरोबर स्पारिंग, मग त्याच्या ओट्यावर चहा आणि कार्मेनच्या हातचे मैद्याचे तळलेले फुगे. एक दिवस आराम हवाच शरीराला.

चहा स्वतः केला. दोन कप झाला. सवयीने. दोन्ही प्यायलो.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

डॉक्टरने हेडफोन लावून टेस्ट घेतली. पीं वाजलं की बटण दाबायचं. प्रत्येक वेळी दाबलं. डॉक्टर म्हणाला, कान तिशीतल्या माणसाचे आहेत, वा! अभिनंदन केलं माझं. मी विचारलं, नीट बघितलंत ना? परत बघितलं. म्हणाला, शेजारच्या खोलीतला नळ गळतोय तेही तुम्हाला ऐकू येत असेल.

येत होतं.

सर्टिफिकेट घेतलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

ठरलं. पत्र लिहायचं. बोलण्यात माणूस भावनेच्या भरात जातो, लिहिलेलं कसं मुद्देसूद राहतं. कंपनीत अठ्ठावीस वर्षं लेटर ड्राफ्टिंग केलंय, व्हीआरएस घेईपर्यंत माझ्या ड्राफ्टला कोणी हात लावला नाही.

दुपारभर बसून दीड पान झालं. मुद्दे अकरा. पहिले दहा फिलिपच्या चुकांचे (हेडगिअर, जातोय हे आधी न सांगणं, १९९८ साली माझी स्किपिंगची दोरी नेली ती परत न देणं इ.). अकरावा दिलगिरीचा. तो लिहायला घेतला तर पेन चालेना. दुसरं पेन आणलं. ते चाललं, पण तेवढ्यात जेवायची वेळ झाली.

८ फेब्रुवारी, शनिवार.

सुगंधाचा निर्णय. पाणी पिईपर्यंत मी रिंगमध्ये उतरायचं नाही. तोपर्यंत टाइमकीपर. स्टॉपवॉच आणि घंटा माझ्याकडे.

काही लोक याला शिक्षा म्हणतील. मी म्हणतो, विश्वास आहे म्हणूनच दिलंय. अख्खी मॅच घंटेवर चालते. ज्याच्यावर घंटेचा आरोप, त्याच्याच हातात घंटा! याचा अर्थ क्लबने मला क्लीन चिट दिली.

९ फेब्रुवारी, रविवार.

टाइमकीपर म्हणून पहिला दिवस. चोख काम केलं. घंटा फार मोठ्याने वाजते. बाहेरच्या वडापाववाल्याने सांगितलं की त्याच्या गाडीपर्यंत ऐकू येते, आणि त्याची कढई चालू असते.

फिलिप आला होता. भुवईवर पट्टी. खेळायला डॉक्टरने मनाई केली आहे, तर येऊन बाकावर बसला. माझ्यापासून दहा फुटांवर. मी स्टॉपवॉचमध्ये बिझी. राउंड नसतानाही बिझी होतो. सुटल्यावर तो पायरीवर थांबला. कोणाची तरी वाट बघत असावा. मी मागच्या गेटने निघालो. मागचं गेट दोन वर्षांपासून बंद आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भिंत चढलो. पँट फाटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी सहा फुटी भिंत, म्हणजे फिटनेस आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

विमलाचा फोन. नाशिकला लेकीकडे, ऋतिकाकडे, जाऊन तिला आता चौदा महिने झाले. नातू चालायला लागेपर्यंत म्हणून गेली होती. नातू पळतो आता.

कार्मेनने तिला सगळं सांगितलंय. या बायकांच्या पोटात काही राहत नाही. म्हणाली, अहो, खरं सांगा, ऐकली होती ना घंटा? मी म्हटलं, आवाज तुटतोय. ती म्हणाली, माझा तर नीट येतोय तुमचा. मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आणि ठेवला.

नंतर वाटलं, जेवलात का ते विचारायची होती ती बहुतेक. शेवटी विचारते नेहमी.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.

क्लबात घंटा. फिलिप आला नाही.

त्याची तब्येत वगैरे बघावी म्हणून सहज मरोळ गावठाणातून चक्कर मारली. चार वेळा. चौथ्या वेळी तो ओट्यावर खोक्यांना दोऱ्या बांधत होता. टाके काढलेत. जखम भरलीय, पण भुवई मधोमध तुटल्यासारखी दिसते.

त्याने बघितलं. हात वर केला.

मीही हात वर केला. समोरून येणारी रिक्षा थांबली. आता थांबवलीच आहे म्हटल्यावर बसावं लागलं. कुठे जायचं विचारलं त्याने, मी म्हटलं साकीनाका. साकीनाक्याला माझं काहीही काम नव्हतं. जंक्शनला उतरून अर्धा तास उभा राहिलो आणि परत आलो.

फिलिपने नुसता हात वर करण्यापेक्षा हाक मारली असती, तर गोष्ट वेगळी होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

उद्या क्लबात फिलिपचा निरोप समारंभ. प्लॅन पक्का. प्रास्ताविक दोन मिनिटं, मग सरळ त्याच्या कॉर्नरला, सगळ्यांसमोर सॉरी, पाणी, मिठी. एकूण चार मिनिटं. आरशासमोर प्रॅक्टिस केली. आवाज किंचित कापतो, पण ते लोकांना आवडेल.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.

झालं ते असं. सुगंधाने रिंग लावली होती, दोन कॉर्नर, दोन स्टुलं, दोन बाटल्या. फिलिप जाकीट घालून त्याच्या स्टुलावर बसला, बाटली मांडीवर. मला वाटतं सगळ्यांना माहीत होतं काय व्हायचंय ते.

मी बोलायला उठलो. प्रास्ताविक जरा लांबलं. क्लबची स्थापना, पत्र्याच्या शेडचे दिवस, ८९ सालची पहिली स्पर्धा, मग बॉक्सिंगचे एकूण संस्कार. खेळाडूने प्रतिस्पर्ध्याचा आदर कसा करावा यावर तर फार चांगला बोललो. पंचवीस मिनिटं झाली. मध्ये फिलिप माझ्याकडे बघून हसला. टोमणा नव्हता त्यात. दोन वेळा मान हलवली, ये, अशी.

मी जय हिंद म्हणून खाली बसलो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने फिलिपने बाटली उघडली आणि स्वतःच पाणी प्यायला. तहान लागली असेल. उकडत होतं.

सुगंधा माझ्याशी बोलली नाही. काका पण म्हणाली नाही.

१ मार्च, शनिवार.

कार्मेनचा फोन. फिलिपला माहीत नाही म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. पण तिचा आवाज थकलेला. म्हणाली, चंद्रप्रकाश, टाक्यांचं त्याला काहीच नाही रे. रोज मला विचारतो, चंद्या आला होता का? मी सांगते, तू लाव ना फोन. तर म्हणतो, नको, मी लावला तर तो विनोद करून सुटेल आणि मग जन्मभर त्याला खुपत राहील. त्याचं त्याला येऊ दे.

मी म्हटलं, सध्या जरा कामात आहे.

ती म्हणाली, कसल्या?



२ मार्च, रविवार. सकाळी ८.

आज जाणार. शंभर टक्के. दाढी केली, निळा शर्ट इस्त्री केला. अकरा मुद्द्यांचं पत्र फाडलं. नवं भाषण तयार, मोजून सहा वाक्यं. खिशात कागद. एकदा मिटलं की दिवसभर तिथेच थांबतो, सामान बांधायला मदत, जुन्या मॅचेसच्या गप्पा, संध्याकाळपर्यंत काय धमाल येईल! दोन तास इकडेतिकडे झाले तरी वेळ भरपूर आहे.

२ मार्च, रविवार. दुपारी ४.

पोचलो तर घर पाहुण्यांनी भरलेलं. भाऊ, भावजया, शेजारी. फिलिप आतल्या खोलीत एका फुगलेल्या बॅगेशी झगडत होता. मला बघून म्हणाला, चंद्या, बस रे हिच्यावर, चेन लागत नाही. महिनाभराने भेटलो आणि पहिलं हे. मी बसलो. तरी लागेना. मग तोही बसला शेजारी.

कागद काढायला खिशात हात घातला, तर बॅगेवर नीट हलता येईना. म्हणून कागदाशिवायच बोललो. सहातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, फिलिप, मी ऐकली होती घंटा. ऐकली आणि मारलं.

तो म्हणाला, माहीत आहे. एकतीस वर्षं तुझा मार खातोय, चुकून बसलेला कुठला आणि मुद्दाम मारलेला कुठला एवढं मला कळणार नाही का?

मी म्हटलं, सॉरी. मग म्हटलं, तू जाणार म्हणून सांगितलंस ना, आणि ती घंटा झाली, तर मला वाटलं, आता हे संपलंच. मला संपायला नको होतं. इथे माझा आवाज कापला. आरशासमोर कापायचा तसा नाही, घाणेरडा कापला.

फिलिपने माझ्या मानेवर हात ठेवला. म्हणाला, मिटलं रे. बस. मिटलं.

अर्धं मिनिट लागलं असेल सगळ्याला.

मी म्हटलं, पाणी दे तुझं. तर घरात एक भांडं शिल्लक नाही, सगळं बांधलेलं. कार्मेनने शेजारून स्टीलचा ग्लास मागून आणला. अर्धा मी प्यायलो, अर्धा तो. खूप दिवसांनी बरं वाटलं. म्हटलं, चल, आता बसू निवांत.

तेवढ्यात त्याचा भाऊ आला, गाडी आली म्हणून. मी विचारलं, फ्लाइट उद्या ना? फिलिप म्हणाला, उद्याच, पहाटे दिल्लीहून. दिल्लीला आजच जायचं, निघायलाच हवं. त्याने मला हे २६ तारखेलाच सांगितलं होतं. मी त्या दिवशी पुढचं ऐकलं नव्हतं. कान तिशीतल्या माणसाचे आहेत.

बॅगा मी उचलल्या. गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली. मला वाटलं काहीतरी गमतीचं बोलेल. तो म्हणाला, चंद्या, मॅचनंतर पाच रविवार होते रे आपल्याकडे.

रागाने नाही म्हणाला. नुसतं म्हणाला. गाडी गेली.

घरी आल्यापासून याचं उत्तर शोधतोय. पहिल्या रविवारी आराम केला. दुसऱ्या रविवारी भिंत चढलो. तिसऱ्या रविवारी साकीनाक्याला उभा होतो. चौथ्या रविवारी भाषण केलं. पाचव्या रविवारी आज सकाळी आठला तयार होतो, आणि साडेदहापर्यंत इथे बसून कागदावरच्या सहा वाक्यांत फेरफार करत होतो.