वळचणीतली पोती

गॅल्व्हस्टन,
२१ जानेवारी १९७९

प्रिय आई,

नमस्कार. मी बरा आहे, खोकला गेला. पण तुझं पत्र म्हणजे पुन्हा तेच. छपरावरचा बर्फ सकाळी वेस्लीने दाताळ्याने ओढला, संध्याकाळी परत वेस्लीने ओढला. चार पानांत अकरा वेळा वेस्ली. माझं नाव दोनदा, तेही पाकिटावरचं धरून.

मागे बोललो तर तू लिहिलंस, "अर्नी, तुझ्या बहिणीचा नवरा आहे, जावयाचा असा दुस्वास करू नये." दुस्वास कोण करतंय? पण कॅरलशी लग्न करून आले तेव्हा हे डेट्रॉइटचे साहेब वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे बघून म्हणाले होते, "किती छान दिसतं." बाबा म्हणाले, "छान? ज्या घराला सुळे फुटतात त्याचं छत रडतं." तेव्हा तूही हसली होतीस. विसरलीस.

आता म्हणे शनिवारी सौनाची वाफेची खोली तापली की बाबा त्यालाच आधी आत पाठवतात. छपरासाठी जो राबेल त्याची पहिली वाफ, हे मला मान्य आहे. नवव्या वर्षापासून ती माझी होती. वेलदोड्याच्या पावाची कडसुद्धा माझी. बाबा बाहेर बाकावर बसून मला ओरडायचे, "अरे, म्हाताऱ्यासाठी थोडी ऊब ठेव." ते त्यालाही असंच ओरडतात का? कळव. नाहीतर नको कळवू.

इथे जानेवारीत लोक बिनबाह्यांचे फिरतात. मी जहाजांच्या बुडाचा गंज खरवडतो. छपरांवर बगळ्यांशिवाय काही नसतं.

तुझ्या पत्राचं शेवटचं पान मी चारदा वाचलं. एवढं ओढूनही वळचणीला हातभर जाड बर्फ धरलाय, तुझ्या खोलीच्या भिंतीवरून पुन्हा पाणी उतरतंय, आणि वेस्ली म्हणतो, "माझंच कुठेतरी चुकतंय, पुढच्या रविवारी शिडी लावून वर चढतो आणि कुऱ्हाडीने फोडून काढतो." खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं. दुसऱ्या दिवशी परत वाचलं तेव्हा शेजारच्या कोर्होनेनांचा मधला मुलगा डोळ्यांपुढे आला. तोही असाच कुऱ्हाड घेऊन वर गेला होता. अजून काठीवर चालतो.

वेस्लीला वर चढू देऊ नको. त्याचं काही चुकत नाहीये.

तुला न्यूमोनिया झाला होता तो हिवाळा आठव. माळ्यावरून गार झोत अंगावर येतो म्हणून तू कुडकुडत होतीस. मी माळ्यावर सरपटत गेलो आणि वळचणीखाली वारा खेळायला ठेवलेली सगळी भोकं बटाट्याच्या पोत्यांनी बुजवून टाकली. बाबा जन्मभर सांगत आले की माळा बाहेरइतकाच गार हवा, तरच छपरावरचा बर्फ गप्प पडून राहतो. पण तू कुडकुडत होतीस ना. माळा तापला, बर्फ खालून वितळला, पाणी कडेला येऊन गोठलं, आणि मागून येणारं पाणी कौलांखाली शिरलं. छताचा तुकडा तुझ्या पांघरुणावर पडला तेव्हा बाबांनी विचारलं, "हे कुणाचं काम?" वेस्लीने आदल्या दिवशी शिडीवरून कुऱ्हाडीचे दोन घाव घातले होते, हे खरं. मी म्हणालो, "कुऱ्हाडीने कौलं फुटली." वेस्लीलाही तसंच वाटलं असणार. बाबा इस्टरपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. ते तीन महिने माझे फार मजेत गेले.

मग तो शिकायला लागला. रोज पहाटे गुडघाभर बर्फात उभा राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने छपराची कड साफ. एके दिवशी बाबा स्वतः बाहेर गेले आणि त्याची मूठ दांड्यावर नीट बसवून आले. मी खिडकीतून पाहत होतो. आपल्या कॅल्युमेटला काम नव्हतं म्हणून मी इकडे आलो असं सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही.

पोती अजून तिथेच आहेत. उत्तरेला सात, दक्षिणेला सहा. जुन्या पाळण्याच्या मागे हात घातला की पहिलं लागेल. वेस्लीच काढेल, तो बारीक आहे. वळचणीच्या बर्फाला कुऱ्हाड लावू नका. तुझे जुने लांब मोजे घे, त्यांत रस्त्यावर टाकायचं मीठ भर आणि खिडकीतून त्या बर्फावर उभे टाक, पाण्याला वाट होईल.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. वेस्ली समोर बसलेला असताना वाच, मधलं काही गाळू नको.

जूनमधल्या सणाच्या शेकोटीला घरी यायचं म्हणून बसच्या तिकिटाचे पैसे साठवले होते. आता त्यातून तुझ्या खोलीच्या छताला फळ्या घे. त्या वेस्लीच ठोकेल, आणि नीट ठोकेल, तेच तर दुखतं.

तुझ्या पोटचा,
अर्नी

सोबत मनीऑर्डर, एकशे अठरा डॉलर.